कागदांची रोजकीर्द

आपल्या हातून झालेल्या चुका पुसून टाकाव्या, ही मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ति आहे. इतिहासाच्या अभ्यासकाची गरज मात्र नेमकी उलट असते. त्याला पुसलेलेंहि हवें असतें. ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों. परंतु तिचा खरा चटका आम्हांस बसला तो चार वर्षांपूर्वीं.

त्या वर्षीं आमचे एक जुने स्नेही व सहाध्यापक वारले. त्यांच्या मागें त्यांच्या वीस वर्षांच्या अभ्यासाचा ग्रंथ अपुरा राहिला होता. तो लावून छापखान्याकडे द्यावा, अशी कुटुंबीयांची इच्छा होती व तें काम आमच्याकडे आलें. ग्रंथ संगणकावर लिहिलेला. तेव्हां अक्षर लावण्याची यातायात तरी वांचली, असें आम्हांस प्रथम वाटलें. परंतु त्यांचें फोल्डर उघडून पाहतों तों पांचव्या प्रकरणाच्या अकरा प्रती! एकीचें नांव 'प्रकरण ५ अंतिम', दुसरीचें 'प्रकरण ५ अंतिम नवें', तिसरीचें 'अगदीं शेवटचें', आणि चौथीचें नुसतेंच 'हें घ्यावें'. जुन्या यंत्रावरून नव्यावर नकला करतांना सगळ्या फायलींवर एकाच दिवसाची तारीख पडली होती. त्यामुळें आधींची कोणती व नंतरची कोणती, हें कळावयास मार्ग उरला नव्हता.

प्रतींमधील फरक शब्दांचाच असता तर आम्हीं एवढें मनास लावून घेतलें नसतें. परंतु प्रकरण होतें दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींतील एका परगण्याच्या वसुलीचें. एका प्रतीत गांवें ओस पडण्याचा सारा दोष मक्त्यानें वसुली घेणाऱ्यांच्या माथीं मारलेला होता. दुसरीत तो दोष बराच हलका करून १८०३-०४ च्या दुष्काळाकडे बोट दाखविलें होतें. दोन्ही प्रती सारख्याच विचारपूर्वक लिहिलेल्या. त्यांच्या कन्येनें आम्हांस विचारलें, "काका, बाबांचें शेवटचें मत कोणतें होतें?" या साध्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

प्रतींचा हा घोळ नवा नाहीं. ज्ञानेश्वरीच्या नकला तीन शतकें होत गेल्या, त्यांत अपपाठ शिरले, आणि शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथांनीं तिची शुद्ध प्रत तयार केली. त्यांचे उपकार थोर आहेत. तथापि त्यांच्यापुढें कोणत्या प्रती होत्या, त्यांतील कोणता पाठ त्यांनीं टाकला व कां टाकला, याचीं टांचणें आपल्यापर्यंत आलेलीं नाहींत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें आणि १९२५ पासून तें डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे आलें, तेव्हां दृष्टि बदलली होती. तेथें स्वीकारलेला पाठ वर छापला आणि टाकलेले पाठ, ते कोणत्या पोथीत आहेत या खुणांसह, त्याच पानाच्या तळाशीं दिले. हें काम १९६६ सालीं पुरें झालें. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाहीं, त्याला तळटीप वाचून स्वतःचा निर्णय करतां येतो. निर्णय घ्यावा, पण त्याचा पुरावा नष्ट करूं नये, हा त्यांतील धडा आहे.

आमचा पुतण्या संगणकाच्या धंद्यांत आहे. आमच्या स्नेह्यांच्या अकरा प्रतींची कथा ऐकून तो म्हणाला, "काका, आमच्याकडे हा प्रश्न पन्नास वर्षांमागें सुटला." हें विधान आम्हांस प्रथम तरुणपणाच्या बढाईंपैकीं वाटलें. चौकशीअंतीं तें बहुतांशीं खरें ठरलें. त्या चौकशींतून हातीं आलेला इतिहास येथें सांगण्याचा विचार आहे. कारण तो यंत्रांचा दिसला, तरी वस्तुतः लिहिणाऱ्या माणसांचा आहे.

संगणकाकडून काम करून घेण्यासाठीं जी आज्ञावली लिहावी लागते, तीहि एक प्रकारचा ग्रंथच होय. ती ओळींनीं बनलेली असते, तिच्या आवृत्त्या निघतात, आणि तींत चुका राहतात. फरक इतकाच, कीं ग्रंथांतील चूक वाचक पोटांत घालतो, आज्ञावलींतील चूक यंत्र पोटांत घालीत नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ सालीं मार्क रॉचकाइंड यांच्यापुढें हीच अडचण होती. एकाच आज्ञावलीच्या निरनिराळ्या आवृत्त्या निरनिराळ्या ठिकाणीं चालू असत. नवीत सांपडलेली चूक जुनींतहि दुरुस्त करावी लागे. आणि प्रत्येक आवृत्तीची संपूर्ण नक्कल ठेवावी, तर त्या काळीं संगणकावरील जागा अतिशय महाग. शिवाय अमुक बदल कोणीं केला, कधीं केला आणि कां केला, हें सांगणारी नोंद कोठेंच नसे.

रॉचकाइंड यांनीं जें साधन रचलें तें 'एससीसीएस' या अक्षरांनीं ओळखलें जातें. त्याचें वर्णन त्यांनीं १९७५ सालीं एका निबंधांत प्रसिद्ध केलें. त्यांतील कल्पना आपल्याकडच्या दुकानदारालाहि चटकन पटेल. रोज सायंकाळीं दुकानांतील सगळा माल पुन्हा मोजून कोणी लिहून ठेवीत नाहीं. त्या दिवशीं काय आलें व काय गेलें, एवढेंच रोजकीर्दींत चढवितो. त्याचप्रमाणें येथें आवृत्ति सबंध न ठेवतां दोन आवृत्तींमधील फरक तेवढा ठेवावयाचा. या फरकाला त्यांनीं 'डेल्टा' असें नांव दिलें. एकाच फायलींत सर्व ओळी राहतात, आणि कोणती ओळ कोणत्या डेल्टानें आली व कोणत्या डेल्टानें गेली, याच्या खुणा तिच्याजवळ असतात. हवी ती आवृत्ति त्या खुणांवरून पुन्हा उभी करतां येते. आणखी एक गोष्ट, जी आमच्या मतें सर्वांत मोलाची: प्रत्येक डेल्टाबरोबर करणाऱ्याचें नांव, वेळ आणि कारण लिहून ठेवण्याची सोय होती.

परंतु दोन प्रतींमधील फरक काढावयाचा कसा? पोथ्या ताडून पाहणाऱ्याला हें काम किती जिकिरीचें आहे, तें सांगावयास नको. बेल प्रयोगशाळेंतच डग्लस मॅक्इलरॉय यांनीं त्यासाठीं 'डिफ' नांवाची आज्ञावली केली. ती १९७४ मध्यें युनिक्सबरोबर बाहेर पडली, आणि तिच्यामागील गणित जेम्स हंट यांच्या सहकार्यानें १९७६ सालीं प्रसिद्ध झालें. दोन्ही प्रतींत त्याच क्रमानें येणाऱ्या समान ओळींची लांबांत लांब मालिका शोधावयाची. मालिकेबाहेर जें उरलें, तें एका प्रतींतून गळलेलें किंवा दुसरींत भर पडलेलें. पाठचिकित्सा करणारा पंडित डोळ्यांनीं जें करतो, तेंच हें. मात्र ओळ सरकली म्हणजे यंत्र गोंधळत नाहीं आणि दिवेलागणीला थकत नाहीं.

यानंतर पर्ड्यू विश्वविद्यालयांत वॉल्टर टिची यांनीं १९८२ च्या सुमारास 'आरसीएस' तयार केलें. त्यांनीं हिशेबाची दिशा उलटी केली. माणसाला बहुधा ताजी प्रत लागते, जुनी क्वचित्. तेव्हां ताजी प्रत सबंध ठेवावी आणि तिच्यावरून मागें जाण्याचे फरक लिहून ठेवावे, असा त्यांचा विचार. ज्याला फाईल बदलावयाची असेल, तो ती कुलूपबंद करून घेई. त्याचें काम होईपर्यंत दुसऱ्यानें वाट पाहावी. एकट्या माणसाला ही व्यवस्था पुरेशी होती. परंतु प्रत्येक फायलीचा इतिहास निराळा राही. सबंध कामाचा मिळून एक इतिहास नसे. आणि अनेकजण एका कामावर असले, म्हणजे कुलूप लावून घरीं गेलेल्या गृहस्थाची वाट पाहण्यांत इतरांचे दिवस जात.

हें कुलूप निघालें तें अॅम्स्टरडॅम येथें, आणि तें निघण्याचें कारण मोठें घरगुती आहे. तेथील फ्री विश्वविद्यालयाचे डिक ग्रून हे अध्यापक आपल्या दोन विद्यार्थ्यांसह १९८४-८५ मध्यें एका मोठ्या आज्ञावलीवर काम करीत होते. तिघांच्या वेळा अगदीं निराळ्या. एक विद्यार्थी नऊ ते पांच नेमानें बसणारा. दुसऱ्याच्या वेळेला कांहीं धरबंध नाहीं. आणि स्वतः अध्यापकांना फक्त संध्याकाळ मोकळी. अशा त्रिकुटाला कुलुपाची पद्धति कशी परवडावी? तेव्हां ग्रून यांनीं असें ठरविलें, कीं प्रत्येकानें आपली प्रत घेऊन खुशाल बदल करावे आणि मागाहून ते सर्वांच्या प्रतींत मिळवावे. दोघांनीं निरनिराळ्या जागीं हात लावला असेल, तर यंत्र दोन्ही बदल आपणच एकत्र करील. एकाच जागीं लावला असेल, तेवढ्यापुरतें मात्र माणसाला हांक मारील. हें साधन त्यांनीं 'सीव्हीएस' या नांवानें १९८६ सालीं सर्वांना खुलें केलें, आणि १९८९ मध्यें ब्रायन बर्लिनर यांनीं तें नव्यानें लिहून काढलें. पुढें दहा-पंधरा वर्षें, एकमेकांचें तोंडहि न पाहिलेले लोक याच साधनाच्या आधारानें एकत्र काम करीत होते. अध्यापक आणि विद्यार्थी यांच्या वेळा जमत नाहींत, या आमच्याहि नित्याच्या तक्रारींतून एवढी मोठी गोष्ट निघावी, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

सीव्हीएसमध्यें उणीवा होत्या. फायलीचें नांव बदललें, कीं तिचा पूर्वेतिहास तुटे. आणि दहा फायलींचा मिळून एक बदल असला, तर त्यांतील पांच पोंचून पांच राहूनहि जात. २००० सालीं सुरू झालेल्या 'सबव्हर्जन'नें हे दोष पुष्कळसे दूर केले, आणि २००४ मध्यें त्याची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. परंतु त्यांतहि मुख्य दप्तर एकाच ठिकाणीं राही. इतरांच्या हातीं चालू प्रत. मागचा सारा इतिहास मध्यवर्ती यंत्रावर.

दप्तराची ही मक्तेदारी ज्या प्रसंगानें मोडली, तो नाट्यमय आहे. फिनलंडचे लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्सवर जगभरचे लोक काम करीत, आणि प्रथम दहाएक वर्षें त्यांचे बदल टोरव्हाल्ड्स पत्रानें आलेल्या चिठ्ठ्यांप्रमाणें स्वतः जोडून घेत. २००२ पासून त्यांनीं लॅरी मॅक्व्हॉय यांच्या कंपनीचें 'बिटकीपर' हें साधन घेतलें. त्यांत प्रत्येकाजवळ इतिहासाची संपूर्ण प्रत असे. तें विनामूल्य मिळे, परंतु अटींवर. अँड्रयू ट्रिजेल यांनीं बिटकीपरच्या दप्तराशीं बोलूं शकणारी स्वतंत्र आज्ञावली लिहिली. त्यावरून वाद झाला, आणि २००५ मध्यें ही विनामूल्य सवलत काढून घेण्यांत आली. हजारो लोकांचें काम उघड्यावर पडलें. टोरव्हाल्ड्स यांनीं ३ एप्रिल २००५ रोजीं स्वतःचें साधन लिहावयास घेतलें; ७ एप्रिलला तें साधन स्वतःचाच इतिहास स्वतःमध्यें ठेवूं लागलें; आणि १६ जूनला लिनक्सची नवी आवृत्ति त्याच्याच आधारें बाहेर पडली. त्याचें नांव 'गिट'. इंग्रजी बोलींत हा शब्द तिरसट, मूर्ख माणसाला लावतात, आणि आपण आपल्या कृतींना आपलेंच नांव देतों, असा विनोद कर्त्यानेंच केला आहे. त्याच वर्षींच्या जुलैंत त्याची जोपासना जुनिओ हामानो यांच्याकडे गेली. त्याच एप्रिलमध्यें मॅट मॅकॉल यांनीं 'मर्क्युरिअल' हें दुसरें साधन जाहीर केलें. एका अडचणीला दोन उत्तरें एकाच महिन्यांत मिळालीं.

गिटमधील एक युक्ति इतिहासाच्या अभ्यासकानें समजून घेण्याजोगी आहे. तेथें प्रत्येक मजकुराला त्याच्या अक्षरांवरूनच, गणितानें, चाळीस चिन्हांचें एक नांव मिळतें. मजकूर तोच असेल तर नांव तेंच. एक वेलांटी बदलली, कीं नांव निराळें. आणि प्रत्येक नव्या नोंदींत तिच्या मागील नोंदीचें नांव गोंवलेलें असतें. जमाखर्चाच्या वहींत मागील पानाची बाकी पुढें ओढतात, तसें हें आहे. मधल्या एका पानावर कोणी खाडाखोड केली, तर पुढच्या सर्व पानांच्या बाक्या चुकतात आणि लबाडी उघडी पडते. २०१७ सालीं अॅम्स्टरडॅम येथील गणित संशोधन संस्था व गूगल यांच्या संशोधकांनीं मोठ्या खटाटोपानें दोन निराळ्या फायलींना एकच नांव पडूं शकतें, असें दाखविलें. त्यावर लगेच संरक्षक उपाय झाला, आणि अधिक लांब नांवांची योजनाहि पुढें आली. तथापि मूळ तत्त्व अबाधित आहे. पूर्वीं दप्तराची सचोटी दप्तरदारावर अवलंबून असे. येथें ती दप्तराच्या बांधणींतच घातलेली आहे, आणि संपूर्ण दप्तर ज्याच्या त्याच्या घरीं आहे.

येथवर हा इतिहास मोठमोठ्या कामांचा झाला. परंतु आमच्यासारख्या एकट्या माणसाला त्याचा काय उपयोग? हा विचारहि पूर्वीं कोणाला सुचून गेला आहे. २००२ सालीं 'लिनक्स जर्नल' या मासिकांत जोई हेस यांनीं आपल्या संगणकावरील आपला सगळा खाजगी संसार आपण सीव्हीएसमध्यें कसा ठेवला, तें लिहिलें. आपल्याला ज्या सहकाऱ्याबरोबर जमवून घ्यावयाचें, तो येथें दुसरा कोणी नसून कालचे आपणच असतों.

आम्ही गेलीं तीन वर्षें या मार्गानें चाललों आहों. एका ग्रंथाला एक फोल्डर, आणि प्रत्येक प्रकरणाची एकच फाईल. तिच्या नांवांत 'अंतिम' हा शब्द घालण्याची आम्हीं शपथ घेतली आहे. दिवसाचें काम संपलें, कीं एक नोंद चढवावयाची व तिच्याबरोबर दोन ओळींचें कारण लिहावयाचें. एकादा विचार करून पाहावासा वाटला, पण पटेलच अशी खात्री नसली, तर मुख्य धारेला एक फांटा फोडून त्यांत लिहावें. पटला तर मुख्य धारेंत मिळवावा, न पटला तर तेथेंच राहूं द्यावा. लिहिण्याचें धैर्य यानें वाढतें. पूर्वीं एकादा परिच्छेद कापतांना आमचा हात अडखळत असे. आतां तो परत मिळेल, या भरंवशावर आम्ही निर्दयपणें कापतों, आणि आश्चर्य हें, कीं परत मागण्याची वेळ क्वचितच येते.

अडचणी नाहींत असें नाहीं. टंकलेखनाच्या नेहमींच्या फायली अशा स्वरूपाच्या असतात, कीं त्यांतील फरक ओळीओळीनें दिसत नाहीं. म्हणून आम्ही साधा मजकूर लिहितों आणि प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घेतों. मोडी कागदांचीं मोठालीं छायाचित्रें या दप्तरांत कोंबलीं, तर तें फुगतें. तीं निराळीं ठेवावीं. दप्तर ज्या यंत्रांत आहे तें यंत्रच बिघडलें, तर इतिहासहि बुडेल. म्हणून त्याची संपूर्ण प्रत दुसऱ्या घरीं असावी. आणि दुसऱ्याचीं खाजगी पत्रें किंवा आपले परवलीचे शब्द यांत कधींहि ठेवूं नयेत. कारण जें साधन विसरत नाहीं, तें विसरावयास लावणें मोठें कठीण. सर्वांत मोठी चूक मात्र आमची स्वतःची होती. पहिले तीन महिने कारणाच्या जागीं आम्ही नुसतें 'दुरुस्ती' असें लिहीत गेलों. आज त्या नोंदी पाहतां काय बदललें तें यंत्र तत्काळ दाखवितें. कां बदललें, तें आम्हांसच आठवत नाहीं. आळशी माणसाचें कारण यंत्र लिहून ठेवूं शकत नाहीं.

कोणी म्हणेल, लेखकाला आपला कच्चा खर्डा झांकून ठेवण्याचा अधिकार नाहीं काय? आहे, आणि हें दप्तर लोकांना दाखविलेंच पाहिजे, असें कोणी म्हणत नाहीं. परंतु खर्डा झांकणें निराळें आणि तो आपणां स्वतःलाहि न सांपडणें निराळें. आमच्या स्नेह्यांनीं कांहीं लपविलें नव्हतें. उलट प्रत्येक प्रत त्यांनीं जिवापाड जपून ठेवली. तिच्या जन्माची तिथि तेवढी कोठें लिहिली नाहीं.

त्यांच्या ग्रंथाचें काय झालें, हें सांगितलें पाहिजे. दोन मतांपैकीं एक निवडण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, असें आम्हीं ठरविलें. ज्या प्रतींत आधार अधिक दिलेले होते, ती ग्रंथांत घातली. दुसरी परिशिष्टांत सबंध छापली. आणि कोणती नंतरची हें ठरवितां आलें नाहीं, असें प्रस्तावनेंत स्पष्ट लिहिलें. त्यांच्या कन्येनें तें वाचून एवढेंच म्हटलें, "काका, दोन्ही बाबांचींच आहेत." तिच्या या समजूतदारपणानें आमचें ओझें हलकें झालें, परंतु तिचा पहिला प्रश्न कांहीं सुटला नाहीं.

म्हणून हा लेख वाचणारांपैकीं ज्यांच्या घरीं कोणी ग्रंथ, कुलवृत्तांत, वाडवडिलांच्या आठवणी किंवा नुसता संसाराचा हिशेबहि संगणकावर लिहीत असेल, त्यांनीं साधन कोणतेंहि घ्यावें, पण रोजची नोंद कारणासह ठेवण्याची संवय लावून घ्यावी. आम्हीं हा लेखहि तसाच लिहिला आहे. त्याच्या सतरा नोंदी झाल्या. त्यांतील नवव्या नोंदींत आमच्या स्नेह्यांविषयींचा एक कठोर परिच्छेद काढून टाकला आहे, आणि तो कां काढला, तें तिच्याजवळ लिहिलेलें आहे.